राजाच्या वाटची एक ओळ

भुईगावात पास्कल चार होते. एक बँडमधला, एक बैलांचा, एक ज्याचं नाव बायका हळू आवाजात घेत तो, आणि चौथा राजाचा पास्कल. पहिल्या तिघांनी आपापलं नाव गावाच्या डोळ्यांदेखत कमावलं होतं. चौथ्याचं मात्र गावाला फुकटचं वाटे, कारण त्याचा राजा कुणी पाहिला नव्हता.

बावीस वर्षं तो आफ्रिकेतल्या एका राजाचा हुजऱ्या होता. निघाला होता बोटीवरच्या खानसाम्याच्या हाताखाली. एका बंदरात तापाने पडला, बोट पुढे गेली, हा मागे राहिला. तिथून एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर, आणि बंगल्यावरून डोंगरातल्या राजवाड्यावर. देश इतका लहान, की सॅन्टन मास्तर शाळेच्या नकाशावर तो दाखवायला गेले की अख्खा देश त्यांच्या बोटाखाली जायचा आणि वर्ग विचारायचा, कुठाय? राजवाडा म्हणजे पत्र्याच्या छपराचं दुमजली घर आणि पुढे झेंड्याची काठी. १९७४ साली पास्कल पेन्शन घेऊन परतला, तेव्हा गावाने त्याच्याकडून सिंह, खजिने आणि शंभर राण्या यांची अपेक्षा ठेवली होती. राजाला राणी एकच आहे आणि तिला दम्याचा त्रास आहे, असं त्याने सांगितलं. पहिल्या आठवड्यात घरी चाळीस माणसं येऊन गेली होती. दुसऱ्या आठवड्यात सहा आली, त्यातली दोन व्हिस्कीच्या आशेने.

त्यातून राजाच्या कामाचं वर्णन ऐकल्यावर तर गावाने राजाला मोडीतच काढलं.

पास्कल सांगायचा ते असं. इंग्रज गेले तेव्हा त्यांनी राजाला राजा ठेवलं आणि राज्य मंत्र्यांच्या हाती दिलं. तेव्हापासून रोज सकाळी नऊला सरकारातून एक लाल पेटी यायची. राजा पेटीतला प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि खाली सही करायचा. पटलं तरी सही, न पटलं तरी सही. खाडाखोड करायची नाही. मंत्र्याला चार गोष्टी विचारता यायच्या, सावध करता यायचं; मंत्री मान डोलवायचा आणि कागद तसाच पुढे सरकवायचा. वर्षातून एकदा पार्लमेंटात जाऊन मंत्र्यांनी लिहिलेलं भाषण वाचायचं. त्यात ‘माझं सरकार’ हे शब्द सतरा वेळा यायचे. ज्या सरकारने आदल्या आठवड्यात त्याच्या चुलत्याला नजरकैदेत टाकलं, त्यालाही माझंच म्हणायचं. बाजारात जायचं नाही, मत द्यायचं नाही, वर्तमानपत्राला उत्तर द्यायचं नाही. आई वारली तेव्हा मातीचा दिवस मंत्रिमंडळाने ठरवला. शुक्रवारी चालेल का, असं राजाने विचारलं होतं. मंगळवार, असं कळवण्यात आलं.

‘‘मग तो राजा कसला?’’ बैलांचा पास्कल म्हणाला. ‘‘माझा बैलसुद्धा कधीमधी बसून घेतो.’’

सगळे हसले. राजाचा पास्कल हसला नाही. बैलाशी केलेली तुलना त्याला अगदीच चुकीची वाटली असंही नाही. पण ज्या माणसाच्या कोटाची बटणं आपण बावीस वर्षं लावली, त्याच्यावर हसायला मन तयार होत नाही. माणूस आपल्या आयुष्याची किंमत आपल्या मालकावरून लावतो. मालक हलका निघाला तर आपलीही बावीस वर्षं हलकी होतात.

पास्कलने एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. ती सांगितली असती, तर गावाने राजाला निदान बैलाच्या वर जागा दिली असती.

वीस मेला राजाचा वाढदिवस. त्या दिवशी काही कैद्यांना माफी मिळे. यादी मंत्री करायचे, सही राजा करायचा. यादी टाइप होऊन पेटीतून यायची तेव्हा शेवटच्या नावाखाली एका नावापुरती जागा कोरी असे. त्या जागेत राजा स्वतःच्या हाताने एक नाव लिही. पेटी परत जाई, यादी पुन्हा टाइप होई, आणि ते नाव बाकीच्या नावांसारखंच दिसू लागे. कुणाचं, कशासाठी, असं कुणी विचारत नसे. कायद्यात याला काडीचा आधार नव्हता. पहिल्या कुठल्या तरी मंत्र्याने सभ्यपणाने जागा सोडली, पुढच्यांनी ती भरली नाही, एवढंच. वर्षाला सहाशे-सातशे सह्या करणाऱ्या माणसाच्या वाट्याला स्वतःची म्हणून आलेली ती एक ओळ.

पास्कलला हे ठाऊक, कारण शाई वाळेपर्यंत कागद धरून तोच उभा असे. आणि ही रीत कुणी बोलत नाही म्हणूनच टिकलीय, हेही त्याला ठाऊक. १९६९ साली राजवाड्याच्या स्वयंपाक्याने गुत्त्यावर बढाई मारली की माझा भाऊ राजाने सोडवला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पुढच्या वर्षीची यादी आली ती शेवटच्या नावाखाली जाड रेघ ओढून. तीन वर्षं ती रेघ येत राहिली. राजा तिच्याकडे बघायचा आणि सही करायचा. मग सेक्रेटरी बदलला आणि रेघ गेली.

पास्कल परतला, पण मागाहून तिकडे बोलावून घेतलेला त्याचा मुलगा कॉन्रॅड तिथेच राहिला. सरकारी छापखान्यात खिळे जुळवण्याची नोकरी बापानेच लावून दिली होती. १९७६च्या जुलैत बंदी घातलेल्या पक्षाची पत्रकं सापडली, ती त्याच छापखान्यातल्या खिळ्यांनी छापलेली. त्या पाळीला कॉन्रॅड होता. आपण मजकूर वाचत नाही, अक्षरं जुळवतो, असं त्याने कोर्टात सांगितलं. कोर्टाने आठ वर्षं दिली. महिन्याला एक पानाचं पत्र येई. त्यातल्या निम्म्या ओळी काळ्या शाईने झाकलेल्या, आणि उरलेल्या निम्म्यांत तो खोकला आता बरा आहे असं लिही. प्रत्येक पत्रात खोकला बरा असे.

पास्कलने राजाला पत्र लिहिलं नाही. राजाचं टपाल आधी सेक्रेटरी फोडतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्याने दरवर्षीसारखा फेब्रुवारीत सुकेळ्यांचा डबा पाठवला. राजेळी केळी सोलून उन्हात सात-आठ दिवस वाळवायची, मधासारखा रंग आला की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. डब्यात चिठ्ठी नाही. वर फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव. दरवर्षी सेक्रेटरीकडून आभाराचं छापील कार्ड येई. १९७७च्या जूनमध्ये आलं ते राजाच्या हाताने लिहिलेलं होतं. एकच वाक्य: पुढच्या वर्षीही जरूर पाठव.

राजाला साखरेचा विकार होता. पास्कलच्या देखत त्याने एकही सुकेळं कधी तोंडात घातलं नव्हतं. ती खायची राणी. पास्कलने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. या वर्षीची ओळ दुसऱ्या कुणाला दिलेली होती. पुढच्या वर्षीची कॉन्रॅडची.

हे बायकोला, इनेझला, सांगावं असं त्याला रोज वाटे. पण इनेझच्या पोटात गोष्ट राहत नाही, हा त्याचा लग्नापासूनचा निष्कर्ष होता आणि त्याला पुरावेही होते. भाचीचं लग्न ठरलं ते नवऱ्यामुलाला कळायच्या आधी गिरिझेच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पायरीवर कळलं होतं. इनेझला सांगितलं की शेजारच्या बेटीला, बेटीला सांगितलं की भुईगावला, आणि भुईगावातून वसईच्या बाजारात जायला भाजीची एक पाटी पुरते. मुंबईत त्या देशाची कचेरी होती. कोण कुणाला काय सांगेल याचा नेम नाही. तो गप्प राहिला. गप्प राहण्याची त्याला बावीस वर्षांची सवय होती, आणि सवयीला माणूस शहाणपण समजतो.

इनेझ त्या गप्प बसण्याचा वेगळा अर्थ लावत होती. तिच्या मते नवरा भित्रा होता, किंवा त्याहून वाईट, मानी होता. मालकापुढे हात पसरायची त्याला लाज वाटत होती. १९७८च्या फेब्रुवारीत तिने मुकाट्याने केळी सोलली, मुकाट्याने वाळवली, मुकाट्याने पानात बांधली. डब्याचं झाकण पास्कलने लावायला घेतलं तेव्हा मात्र ती बोलली.

‘‘पोरगा तिथं तुरुंगात खोकतोय, आनि तुम्ही राजाला केळी चारताय.’’

दरवर्षी पाठवतो, म्हणून पाठवतो, असं पास्कल म्हणाला.

‘‘एक कागद लिहवत नाय तुमच्याच्याने. बावीस वर्षं त्याचे बूट पुसले ना? मग त्या बुटांची तरी ओळख सांगा.’’

‘‘राजाच्या हातात काही नसतं, इनेझ. किती वेळा सांगू?’’

‘‘पन हात तर हायेत ना त्याला?’’

पास्कलने झाकण लावलं. त्या क्षणी त्याने फक्त एवढं म्हणायला हवं होतं, की वीस मेपर्यंत थांब. तेवढं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. पण थांब म्हटलं की ती विचारणार, का? आणि त्या का-चं उत्तर दिलं की ती गोष्ट दोघांची राहिली नसती. तो सायकलवर डबा बांधून पोस्टात गेला.

तो गेला आणि इनेझ सॅन्टन मास्तरांकडे गेली.

सॅन्टन मास्तर निवृत्त झाले होते, आणि निवृत्त मास्तराच्या हाताला इंग्रजी अर्जाची भूक असते. गावातल्या विजेच्या खांबापासून ते बोटीच्या परवान्यापर्यंत सगळे अर्ज त्यांचेच. राजाला अर्ज म्हटल्यावर त्यांनी नवी टाचणीसुद्धा विकत आणली. त्यांना आणि गावाला पडलेलं कोडं एकच होतं: राजाने द्यायचं आणि मागायला कुणी जात नाही, हे कसं? भुईगावची माणसं मागण्यात मुरलेली. सेंट अँथनीकडे हरवलेली म्हैस मागताना हे त्याच्या अधिकारात बसतं का असं कुणी विचारत नाही. नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना करायची, मेणबत्ती लावायची, आणि जितकी तोंडं जास्त तितकं मागणं जड. राजाच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. एका हुजऱ्याच्या तोंडाने ऐकत नसेल, तर अख्ख्या गावाच्या तोंडाने ऐकेल.

ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस होते. शुक्रवारी देवळात क्रूसाची वाट असे, म्हणजे येशूच्या यातनांच्या चौदा चित्रांपुढे गुडघे टेकून प्रार्थना. पास्कलचे गुडघे चौदा ठिकाणी टेकायच्या लायकीचे राहिले नव्हते, म्हणून तो शुक्रवारी घरी बसे. तेवढी फट इनेझला पुरली. चार शुक्रवारांत चारशे बारा सह्या झाल्या, त्यात एकसष्ट अंगठे. खाडीकडच्या रामनाथने आपल्या घरच्या अकरा माणसांच्या सह्या आणून दिल्या आणि वर विचारलं, आमचा देव वेगळा आहे, चालेल ना? मास्तर म्हणाले, राजा वेगळाच आहे, चालेल. बैलांच्या पास्कलने पहिल्या पानावर सही केली.

अर्ज राजाला गेला. पद्धत म्हणून मास्तरांनी एक प्रत तिथल्या पंतप्रधानाला पाठवली. वरिष्ठांना डावलल्यासारखं होऊ नये. आणि एक प्रत मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्राला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मास्तर ते वर्तमानपत्र घेऊन स्वतः आले. पास्कल विहिरीच्या कट्ट्यावर बसून केळीला पाणी सोडत होता. मास्तरांनी आतलं पान उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं. वसईच्या मातेचा आफ्रिकेच्या राजाला टाहो, अशा अर्थाचा मथळा. कॉन्रॅडचं नाव, छापखाना, आठ वर्षं, राजवाड्यातली बापाची नोकरी, सगळं नीट आलेलं. मास्तरांना आशा होती की पास्कल निदान इंग्रजीचं कौतुक करेल.

पास्कलने ते शेवटपर्यंत वाचलं. मग किती दिवसांपूर्वी पाठवलं, असं विचारलं. पाच आठवडे झाले, मास्तर म्हणाले. आणि गावात कुणाकुणाला ठाऊक होतं? मास्तर थोडे संकोचले. तसं सगळ्यांनाच. फादरांनी देवळातसुद्धा सांगितलं होतं, फक्त दुसऱ्या मिस्साला, रविवारच्या उशिराच्या प्रार्थनेला, तुम्ही पहिल्या मिस्साला येता म्हणून.

चारशे बारा माणसांनी पाच आठवडे गुपित राखलं होतं. बेटीने राखलं होतं. बैलांच्या पास्कलने रोज रस्त्यात भेटून पावसापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या आणि राखलं होतं. इनेझने त्याच्या शेजारी झोपून राखलं होतं. जिच्या पोटात काही राहत नाही म्हणून तो वर्षभर गप्प राहिला, तिला एवढं सगळं पोटात ठेवता येत होतं. तिच्याकडे कधी कुणी ठेवायला दिलं नव्हतं, इतकंच.

पाण्याचा पाट फुटून वाफा भरून वाहायला लागला, तेव्हा मास्तरांनीच उठून तो वळवला.

त्यानंतरचा महिना पास्कलने कसा काढला, हे घरात कुणी विचारलं नाही. इनेझ उत्साहात होती. तिने कॉन्रॅडची खोली सारवून घेतली, गोधडी उन्हात टाकली. पास्कल खुर्ची घेऊन ओटीवर बसे. त्याला तिकडचं सगळं इथे बसून दिसत होतं. वर्तमानपत्र मुंबईच्या कचेरीत पोचलं असणार. तिथून कात्रण गेलं असणार. पार्लमेंटात कुणीतरी उभं राहून विचारलं असणार, की राजे साहेबांना आपले कैदी वेगळे निवडायचा अधिकार आहे काय? मंत्री उठून नाही म्हणाला असणार. आणि एकदा नाही म्हटल्यावर कोरी जागा ठेवणार कशी? तरीही त्याच्या मनाचा एक कोपरा मूर्खासारखा वीस मेची वाट बघत होता. कदाचित राजा लिहील. कदाचित रेघेखाली लिहील. राजाने रेघेखाली कधीच काही लिहिलं नव्हतं.

वीस मे गेली. उत्तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, पंतप्रधानाच्या कचेरीतून, जाड कागदावर. इनेझने मास्तरांनाच वाचायला बोलावलं. नवऱ्याच्या वाचण्यावर तिचा भरवसा नव्हता. मास्तरांनी एकेक वाक्य इंग्रजीत वाचून मराठीत सांगितलं. अर्ज मिळाला. राजे साहेब अशा बाबतीत केवळ मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. कॉन्रॅडच्या बाबतीत मंत्रिमंडळ असा सल्ला देऊ इच्छित नाही. माफीच्या यादीत मंत्रिमंडळाने दिलेल्या नावांखेरीज एकही नाव असत नाही, आजवर कधी नव्हतं, आणि पुढेही असणार नाही.

‘‘हे शेवटचं उगाच लांबवलंय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘सरकारी भाषा. एक गोष्ट तीनदा सांगतात.’’

पास्कलने कागद मागून घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचलं. ते लांबवलेलं नव्हतं. त्या सबंध पत्रात तेवढं एकच वाक्य कामाचं होतं, आणि ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की भुईगावात ते एकाच माणसाला कळणार आहे. राजाची ओळ संपली होती. या वर्षापुरती नव्हे, सेक्रेटरी बदलेपर्यंत नव्हे. सरकारने जाड कागदावर लिहून दिलेली गोष्ट होती ती. कॉन्रॅडची तर गेलीच, त्याच्यानंतर ज्या कुणा स्वयंपाक्याचा भाऊ, माळ्याचा मुलगा सुटायचा होता, त्यांचीही गेली.

मास्तर चहा पिऊन गेले. जाताना त्यांनी सांगितलं की इंग्रजीत काही चूक राहिली नव्हती, एवढं समाधान मानावं.

इनेझ चुलीपाशी गेली नाही. ती ओटीच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. लग्नाला चाळीस वर्षं झालेली बाई. त्याने कागद मागून घेतला आणि कुठल्या ओळीवर नजर ठेवली, ते तिने पाहिलं होतं.

‘‘एक विचारू?’’

त्याने कागदाची घडी घातली.

‘‘मी लिहिलं नसतं, तर सुटला असता काय तो?’’

अंगणात केळीची सुकी पानं बांधायला काढून ठेवलेली होती, ती वाऱ्याने सरकत होती. पास्कलने बघितलं, तिचा एक हात खांबावर होता आणि त्या हाताच्या बोटांची नखं पांढरी पडली होती. हो म्हणणं म्हणजे खरं सांगणं. आणि ते खरं घेऊन तिला याच घरात, सारवलेल्या खोलीच्या शेजारी, आणखी सहा वर्षं काढायची होती.

‘‘नाही,’’ तो म्हणाला.

‘‘खरं?’’

‘‘राजाच्या हातात काही नसतं. आधीपासून सांगत होतो.’’

तिने त्याला जोखलं. मग तिचा हात खांबावरून सुटला. ती ओटीच्या पायरीवर खाली बसली, पदराने तोंड पुसलं, आणि तिच्या आवाजात हळूहळू धार आली. अर्ज उशिरा गेला, म्हणाली. निकाल लागला तेव्हाच, ७६ सालीच जायला हवा होता. तेव्हा फाइल ताजी असते, साहेबाचं मन मऊ असतं. दोन वर्षं वाया गेली. दोन वर्षं हा माणूस ओटीवर बसून होता आणि केळी पाठवत होता. चूक कुठे झाली ते तिला आता सापडलं होतं. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा ती थांबली, बहुधा तो आडवं बोलेल म्हणून. तो बोलला नाही, तेव्हा ती पुढे सुरू झाली.

त्यानंतर गावात ती हे उघड सांगू लागली. मिस्सानंतर पायरीवर, बाजारात पाटी उतरवताना, लग्नाच्या मांडवात, नव्या माणसाला आणि जुन्या माणसाला. ह्या माणसाने वेळेवर एक कागद लिहिला असता, तर माझा कॉन्रॅड आज घरी असता. बायका हळहळत. बैलांचा पास्कल दुसरीकडे बघे. आणि राजाचा पास्कल तिथेच बसलेला असला, तर ऐकणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून तो मान हलवी, आणि खरं आहे, म्हणे.